अनुदान गावाला होते

मी नर्स नव्हते, शिक्षिका नव्हते आणि अधिकारी तर मुळीच नव्हते. पण नोकरीत असताना लोकांनी मला या तिन्ही नावांनी हाक मारली आणि मी तिन्हींना ओ दिली. माझ्या पदाचे नाव ग्रामसेविका. सातपुड्याच्या पायथ्याशी, अक्कलकुव्यापासून चालत अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका डोंगरी गावात माझे केंद्र होते. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता. आम्ही पश्चिम खानदेशात होतो, पुढे धुळे जिल्ह्यात आलो. मी जागची न हलता आधी मुंबई राज्यात होते आणि मग महाराष्ट्रात.

केंद्र म्हणजे कुडाच्या भिंतींची, कौलारू, एकच लांब खोली. सकाळी तिथे बालवाडी भरायची, दुपारी बायका यायच्या आणि दाराशी एका पेटीत माझी औषधे असायची. गरोदर बाईवर लक्ष ठेवायचे, बाळंतपणाला हजर राहायचे, मुलांना दूध पाजायचे, खरूज-डोळे धुवायचे, आणि घरात कोणी आजारी, कोणी दारूत, कोणी रुसून माहेरी गेलेले असेल तर तिथेही जायचे. मूल नीट वाढायचे तर त्याचे घर उभे राहिले पाहिजे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. ते खरेच होते. अजूनही आहे.

या सगळ्याला पैसा अनुदानातून येई. ज्यांना अनुदान ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकारातून रक्कम यायची ती कप्पे पाडूनच यायची. दूध वेगळे, औषध वेगळे, दाईचे मानधन वेगळे, खेळणी वेगळी. एका कप्प्यातले दुसऱ्यात घालायचे नाही. एका हिवाळ्यात माझ्याकडे चाकांचे लाकडी घोडे रांगेने उभे होते आणि मुलांच्या अंगावर टाकायला घोंगडी एकही नव्हती. मुले त्या घोड्यांना मिठी मारून कुडकुडत बसायची.

माझ्या मदतीला गावातलीच दाई होती, मोगीबाई. पन्नाशीची, किडकिडीत, दातांना मिशरी, हातात चांदीचे जाड कडे. तिला बाजारामुळे अहिराणी यायची. माझे माहेर धुळ्याकडचे, त्यामुळे आमचे दोघींचे अहिराणीवर जमले. गावातल्या इतर बायका भिली बोलत आणि मोगीबाई ते मला उलगडून सांगायची. त्या बोलीत अहो-जाहो नाही. मलाही 'तू', कलेक्टर आले तेव्हा त्यांनाही 'तू'. कलेक्टरसाहेब हसले, पण त्यांच्या शिपायाचे तोंड उतरले होते.

पहिले वर्ष लोकांना दूध पाजण्यात गेले. गाईचे दूध वासराचे असते, ते माणसाने प्यायचे कशाला, असे म्हातारी माणसे म्हणायची. त्यात आमचे दूध पोत्यातून निघणारे, पांढरी भुकटी. एका बाईने ती घरी नेऊन भिंत सारवली आणि मला कौतुकाने दाखवायला बोलावले. भिंत छान दिसत होती. पण पावसाळा सरता सरता मुले सकाळी वाटी घेऊन दाराशी उभी राहायला लागली. मला वाटले, जमले.

मग दिवाळी झाली. मी चार दिवस माहेरी जाऊन परत आले, चूल पेटवली, दूध कालवून उकळायला ठेवले. एकही मूल आले नाही. दारात बसून वाट पाहिली. शेवटी मोगीबाई आली. आत डोकावली आणि म्हणाली, "बाई, दूध कोनासाठे उकाळी ऱ्हायनी? पोरं खाले उतरी गयात."

खाली म्हणजे तापीकाठी, काळ्या जमिनीत. डोंगरातली ज्वारी आणि मोर नावाचे बारीक धान्य घरात आले की अर्धेअधिक गाव कापूस वेचायला खाली उतरायचे आणि होळीला परत यायचे. सोबत मुले, कोंबड्या, भांडी, जाते. मागे म्हातारी माणसे आणि शेळ्या. गावाला हे इतके ठाऊक होते की मला सांगावे असे कोणालाच वाटले नव्हते. आणि अनुदान मंजूर करणाऱ्यांपैकी कोणी त्या दिवसांत इकडे फिरकले नसावे.

मी मोगीबाईला घेतले आणि आमची माणसे शोधायला निघाले. बसने, मग पायी. ती एका गुजर शेतकऱ्याच्या मळ्यावर सापडली. बांधाच्या कडेने पालाच्या खोप्या, समोर नजर पोचेल तिथवर पांढरे शेत, त्यात बायकांच्या वाकलेल्या पाठी. बांधावर बाभळी होत्या आणि प्रत्येक फांदीला लुगड्याची एकेक झोळी. झोळीत मुले. दिवसाढवळ्या, उन्हात, माशा बसत असताना एकही मूल रडत नव्हते.

रुमली नावाच्या तरुण बाईचा दित्या हे बालवाडीतले माझे सगळ्यांत लहान गिऱ्हाईक. जेमतेम वर्षाचा. दूध प्यायला की मिशी पुसायला माझ्या पदराकडे यायचा. मी त्याच्या झोळीत वाकून पाहिले. ओठ निळसर, श्वास इतका संथ की पुढचा येईल की नाही याची वाट पाहावी लागत होती. पापणी उचलली तर बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. मोगीबाईने त्याचे तोंड हुंगले आणि एवढेच म्हणाली, "अफू."

आम्ही दोघींनी त्याला उचलले. तळपायावर टिचक्या मारल्या, तोंडावर गार पाणी मारले, उभा धरला, हलवला, हाका मारल्या. रुमली धावत आली आणि कापसाची ओटी कमरेला तशीच ठेवून उभी राहिली. मळ्याची मालकीण मणीबेन खळ्यातून येताना हे पाहत होती. जाड, उंच, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने मागे वळून गड्याला छकडा जुंपायला सांगितले आणि आम्हाला दवाखान्यात पाठवले. डॉक्टरांनी नळी घालून पोट धुतले. संध्याकाळी दित्याने डोळे उघडले आणि रुमलीचे केस ओढले.

परतताना छकड्यात मी रुमलीला विचारले, "का देतेस?" तिने जे सांगितले ते मोगीबाईने मला सांगितले. ती म्हणाली, "जागा असला तर रडतो. रडला तर मला त्याच्यापाशी बसावे लागते. बसले तर कापूस वेचला जात नाही. वेचला नाही तर रात्री भाकरी कशाची करू?" बोलताना ती दित्याची टाळू कुरवाळत होती. अफूने मूल मरते हे तिला माहीत नव्हते असे नाही. बोटाच्या नखावर किती घ्यायची हे तिच्या आईने तिला शिकवले होते. त्या दिवशी नख चुकले.

मणीबेन त्या रात्री खोप्यांपाशी आली. तिची भाषा घरात गुजरी, मजुरांशी अहिराणी. म्हणाली, "बेन, पोर रडी तं बाई येचत नही. पोर मरी तं बाई काम सोडीसन पयी जास. दोन्हीकडथीन मन्हंच नुकसान." तिने किल्ल्या चाळवल्या आणि म्हणाली, "मन्हा जुना गोठा रिकामा शे. तुले काय करनं शे ते कर."

दयाळू बाई असे मी तिला म्हणणार नाही. तिला ते आवडलेही नसते. पण माझ्या सगळ्या नोकरीत मला इतक्या झटकन दुसरी कुठलीही गोष्ट मंजूर झाली नाही.

आमच्या केंद्राचे काम पाहणाऱ्या प्रकल्प समितीच्या अध्यक्षाबाई म्हणजे एका वकिलांच्या पत्नी, मऊ बोलणाऱ्या, कष्टाळू. त्यांना मी जाऊन सगळे सांगितले. म्हटले, गाव खाली उतरते तर केंद्रही हिवाळ्यापुरते खाली उतरू द्या. दूध तेच, दाई तीच, मुले तीच. फक्त जागा बदलेल. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुरू करा. वरच्यांचे मी बघते."

पुढच्या दिवाळीनंतर आम्ही गोठा शेणाने सारवला, गव्हाणीत कडब्यावर गोधड्या घातल्या, आढ्याला झोळ्या टांगल्या. मोगीबाई तिथेच राहायला आली. खोप्यांतल्या दोन म्हाताऱ्या, ज्यांना वाकून वेचणे होत नव्हते, झोळ्या हलवायला बसल्या. सकाळी दूध, दुपारी ज्वारीची पातळ पेज, उकळून गार केलेले पाणी. दाराशी नांगराचा मोडका फाळ टांगला होता. तो वाजवला की अंगावर पाजणाऱ्या बायका शेतातून यायच्या, पाजायच्या आणि परत जायच्या. सुरुवातीला मुकादम कुरकुरला. मणीबेनने त्याला सांगितले की वजनकाट्यावर बघ आणि मग बोल. त्याने बघितले आणि बोलला नाही.

पहिले काही दिवस मात्र भयंकर गेले. ज्या मुलांना रोज अफूची सवय होती ती रात्रंदिवस किंचाळत. हातपाय झाडत, काही पोटात ठरत नसे. आया म्हणाल्या, तू आमची पोरे बिघडवलीस, आधी ती किती शहाणी होती. रुमली एकदा दित्याला उचलून परत बाभळीपाशी घेऊन निघाली होती. मोगीबाई तिला आडवी झाली. दोघी काय बोलल्या ते मला कळले नाही, पण दित्या परत आला.

मग हळूहळू गोठ्यात आवाज भरला. रांगणारी मुले, भांडणारी मुले, एकमेकांची पेज ओढणारी मुले. शेजारच्या मळ्यांवरच्या बायकाही आपली लेकरे आणून सोडू लागल्या. एकीने आजारी करडू आणले. मी म्हटले, हे आमच्यात बसत नाही. ती म्हणाली, तेही आईविना आहे. ठेवून घेतले. रुमलीचा नवरा वेस्ता आधी दारात बसून राहायचा. आम्ही मुलांना काय करतो यावर त्याची नजर. बसून बसून कंटाळला आणि एक झोळी हलवू लागला. पुढे तर कामावरून आला की तो आधी गोठ्यात यायचा, खोपीत नंतर. त्या हिवाळ्यात आमच्या गोठ्यातले एकही मूल दगावले नाही. होळीच्या आधी बायका भोंगऱ्याच्या बाजाराला, म्हणजे त्यांच्या जत्रेला, नटून निघाल्या तेव्हा प्रत्येकीच्या कडेवर तिचे मूल होते. मी वाटेवर उभी राहून त्यांना जाताना पाहिले. माझ्या कामाचा मला अभिमान वाटलेला तो दिवस. तसे दिवस फार नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

महाराष्ट्र झाला, कारभार बदलला. अध्यक्षाबाईंच्या यजमानांचा व्यवसाय पुण्याला गेला आणि त्याही गेल्या. मग हिशेब तपासायला एक साहेब आले. माणूस वाईट नव्हता. माझ्या हातचा चहा प्यायला, मुलांच्या गाण्यावर टाळ्या वाजवल्या, आणि मग मला समोर बसवून म्हणाला, "बाई, तुमचे काम चांगले आहे. पण हे दूध आणि दाईचे मानधन तुम्ही प्रकल्पाच्या हद्दीबाहेर खर्च केलेत. अनुदान गावाला आहे."

मी म्हटले, "साहेब, गावच हिवाळ्यात खाली जाते."

"मग ते परत आल्यावर द्या."

"मुलांना भूक रोज लागते, साहेब."

त्याने चष्मा काढून पुसला. "मला कळत नाही असे नाही. पण उद्या दुसरी ग्रामसेविका म्हणेल की माझे गाव सुरतेला जाते. मी काय उत्तर देऊ? तुमचे केंद्र वर्षभर याच जागी उघडे राहिले पाहिजे. नाहीतर पूर्ण अनुदानच बंद होईल, मग पावसाळ्यातही दूध नाही."

त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नव्हती. मी अर्ज केले, तालुक्याला गेले, धुळ्याला गेले. सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली. सगळे म्हणाले, कल्पना फार चांगली आहे, पुढच्या योजनेत सुचवा.

त्या पावसाळ्यात रुमलीला मुलगी झाली. मोगीबाई आणि मी, दोघी होतो. बाळ पायाळू होते, आम्हाला पहाट झाली. आधी पाय, मग अंग, मग बराच वेळ काहीच नाही, आणि शेवटी मोगीबाईने माझा हात धरून कसा वळवायचा ते दाखवले आणि डोके बाहेर आले. नाव ठेवले ठुमी. दित्या तिला पाहायला आला आणि तिच्या तोंडाला आपली दुधाची वाटी लावू लागला.

दिवाळीनंतर गाव उतरले. मोगीबाईचे हिवाळ्याचे मानधन बंद झाल्यामुळे तीही कापूस वेचायलाच उतरली. मी हुकमाप्रमाणे वर राहिले. रोज सकाळी खोली झाडायची, चूल पेटवायची, एक-दोन म्हाताऱ्यांची नातवंडे असली तर त्यांना दूध द्यायचे आणि लाकडी घोड्यांवरची धूळ पुसायची. संक्रांतीला हक्काची रजा घेतली आणि थेट मळ्यावर गेले. मणीबेनने गोठा तसाच ठेवला होता. रजेपुरता आम्ही तो परत चालवला. मुले आली, फाळ वाजला, रुमली ठुमीला पाजायला धावत आली. निघायच्या दिवशी तिने विचारले, "परत कधी येशील?" मी म्हटले, "सुटी मिळाली की." सुटी म्हणजे काय, हे मोगीबाईला तिला समजावून सांगता येईना. त्यांच्या बोलीत तसा शब्दच नव्हता.

होळीच्या आधी माणसे परत आली. मी नेहमीप्रमाणे वाटेवर उभी होते. वेस्ता पुढे होता, खांद्यावर दित्या. मागे रुमली, डोक्यावर जाते. तिची पाठ मोकळी होती. मला आधी वाटले, ठुमीला मोगीबाईने घेतले असेल. मोगीबाई सर्वांत मागे होती. तिच्याकडे फक्त भांड्यांचे गाठोडे होते.

रुमली माझ्यासमोर थांबली. जाते उतरवून खाली ठेवले. म्हणाली, "ती उठली नाही." मग म्हणाली, "तू होतीस तेव्हा दिली नव्हती. तू गेल्यावर तीन-चार दिवस तशीच ठेवली. फार रडायची. मुकादम ओरडला."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. तिच्या मनात माझ्याविषयी राग नव्हता. तो असता तर मला काही बोलता तरी आले असते.

मोगीबाईने मला नंतर सांगितले की त्या दिवशी ती शेताच्या पार दुसऱ्या टोकाला वेचत होती. ती फाळ टांगलेल्या गोठ्यावरून रोज जायची, पण आत गेली तर तिची ओळ मागे पडायची. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांची मुले जिवंत बाहेर काढली, तिच्यावर ही पाळी आली.

मणीबेनने गोठा आणखी एक हिवाळा मोकळा ठेवला. मग निरोप पाठवला की बैल वाढले आहेत, आता बांधते.

पुढे काही वर्षांनी नवी योजना आली आणि आमच्या गावाला मोठे अनुदान मंजूर झाले. दगडी जोत्याची, सिमेंटची इमारत. भिंतींवर ससे आणि कमळे रंगवलेली, मुलांच्या उंचीची हात धुवायची मोरी. मी सांगून पाहिले होते की उद्घाटन होळीनंतर ठेवा. पण पाहुण्यांना माघातली तारीख सोयीची होती. त्या दिवशी गावात मुले नव्हती, म्हणून बाजारगावच्या शाळेतून एक ट्रकभर मुले आणली. त्यांनी स्वच्छ कपड्यांत बसून दूध प्यायले. पाहुण्यांनी फीत कापली. मला आभार मानायला सांगितले, मी मानले.

परतताना मलाही जीपमध्ये घेतले, कारण तालुक्याला काम होते. वाटेत पाहुण्यांना कापसाचे शेत पाहायचे होते, म्हणून जीप एका मळ्याशी थांबली. बायका वेचत होत्या. बांधावरच्या बाभळींना झोळ्या होत्या. पाहुणे कौतुकाने पाहत होते. म्हणाले, "किती शांत मुले आहेत हो तुमच्याकडची."

मी म्हटले, "साहेब, त्यांना अफू दिलेली आहे." आणि का दिलेली आहे तेही सांगितले.

ते हादरले. खोटे नाही, खरोखर हादरले. बरोबरच्या अधिकाऱ्याला त्यांनी विचारले, "यांच्यासाठी काहीच करता येत नाही?"

"येते ना साहेब," अधिकारी म्हणाला. "इमारत आता तयार आहे. यांनी फक्त वर यायला हवे."

पाहुण्यांनी मान हलवली. मी जीपमधून उतरले, तुम्ही व्हा पुढे म्हणाले. पहिल्या झोळीत एक मुलगी होती. तिला उचलली, तळपाय चोळले, गालावर पाणी लावले. ती हळूहळू जागी झाली आणि रडू लागली. आवाज ऐकून तिची आई ओळ सोडून धावत आली. मला ती ओळखत नव्हती. दुसऱ्याच डोंगरातली होती.

"काबर उठाडं तिले?" ती म्हणाली. "आते ती दिनभर रडी. मी येचू कशी?"

मी म्हटले, जा तू, मी बसते. दिवस मावळेपर्यंत त्या मुलीला मांडीवर घेऊन बाभळीखाली बसले. ती रडली, झोपली, परत रडली. अंधार पडताना आई आली, तिने मुलीला पाठीशी बांधले आणि विचारले, "सकाय येशी का?"

सकाळी मला वर जाऊन नवी इमारत उघडायची होती.